बोर्डाला शेक

आमच्या दुकानात मेलेला बोर्ड कधी टाकून द्यायचा नाही, असा नियम होता. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, कपड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. मालक सिंधी, वयाने माझ्या वडिलांएवढे. आम्ही सगळे त्यांना साईं म्हणतो. बंद पडलेल्या लॅपटॉपचे बोर्ड ते भाजीच्या क्रेटमध्ये उभे रचून ठेवायचे. एकाचा चार्जिंगचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा, दुसऱ्याचं आणखी काही तिसऱ्याला, असं आमचं काम चालायचं. त्या क्रेटच्या जोरावर मी पंधरा वर्षं काढली.

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग माझ्या मागे कोणी आहे का ते बघतं. "मिस्त्री किधर है?" मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढता मी म्हणते, "बोला, मिस्त्रीच ऐकतेय." काही जण हसतात. काही जण लॅपटॉप उचलून पुढच्या दुकानात जातात आणि आठवड्याभरात परत येतात, तोवर तिथल्या पोरांनी बोर्डाची पार वाट लावलेली असते. अशा वेळी मला आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

माझा हात तयार झाला तो अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात. आम्ही चाळीस बायका दोन रांगांत बसून विजेच्या मीटरच्या सर्किटांना सोल्डर मारायचो. कारखाना बंद पडला तेव्हा कुणी पोळीभाजी केंद्रात गेलं, कुणी घरी बसलं. मी साईंच्या दुकानात शिरले आणि सांगितलं, मला आठ दिवस बसू द्या, हात आवडला नाही तर हाकला. त्यांनी पापड आणि पाणी पुढे केलं, आणि एक जळका बोर्ड. संध्याकाळपर्यंत तो चालू झाला. आठ दिवसांचं बोलणं परत कुणी काढलं नाही.

शेक ही माझी भर. बोर्डावर चहा, सरबत, दारू काहीही सांडलं तरी आधी त्याला औषधाने धुवायचं, वाळवायचं आणि मग मोठ्या चिपवर गरम हवेचा झोत धरायचा. चिपखाली अडकलेली ओल निघून जाते, सोल्डरचे सुटलेले टाके परत धरतात. दुकानात सगळे त्याला नुसतं हीट देणं म्हणत. मी म्हणायचे, बाळंतिणीला करतो तेच आहे हे, आधी न्हाण, मग शेक. नाव दुकानभर झालं. शेजारच्या दुकानांतले लोकसुद्धा विचारायला यायचे, "दीदी, इसको शेक देना है क्या?" निम्मे बोर्ड त्यानेच जिवंत व्हायचे. उरलेल्यांचं पुढे बघता येतं, असं मी म्हणायचे.

मग लॅपटॉप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने स्वतःची चिप काढली.

तोवर त्यांच्या कॉम्प्युटरात दुसऱ्या कंपनीची चिप असायची, बाकीचे भागही दहा ठिकाणांहून आलेले. दहा ठिकाणची वस्तू आमच्या गल्लीत अकराव्या ठिकाणी मिळायची. सर्किटचे नकाशेही कुठून कुठून हाताला लागायचे. आता त्यांनी ठरवलं, आमचं आम्ही बनवू. बातम्यांत नुसतं कौतुक. वेग किती, बॅटरी दिवसभर कशी टिकते, पंख्याशिवायसुद्धा कसं थंड राहतं. आणि ते खरंही होतं, हाच तर राग. मी पहिल्यांदा त्यातला एक उघडला तेव्हा बोर्ड माझ्या तळहातात मावला. मधोमध एक चौकोन, आणि मेमरी त्याच चौकोनाच्या अंगावर. फाईली ज्यात राहतात तो भागही बोर्डाला चिकटवलेला, आणि त्या फाईली उघडायची गुप्त किल्ली त्या चिपच्या पोटात. दुसऱ्या बोर्डावर नेऊन लावा, काही वाचता येणार नाही. नकाशा नाही, बाजारात सुटा भाग नाही.

साईं बराच वेळ तो बोर्ड हातात फिरवत बसले. "बेटा, इन्होंने सब अपने घर का कर लिया," ते म्हणाले. "अब अपने क्रेट का क्या करना?"

"नवीन सून आहे," मी म्हटलं. "चार दिवसांत नरम येईल."

हा माझा माज होता. माझ्या हाताखालून कुठलीही कंपनी सुटलेली नव्हती, ही सुटेल असं मला वाटलंच नाही. हिंदीत एक मुलगा व्हिडिओ टाकायचा. तो म्हणायचा, या नव्या चिपला हीट मारू नका, मेमरी जवळ आहे, सहन करत नाही. आधी एकेक लाईन तपासा, शॉर्ट शोधा. मी तो व्हिडिओ दुकानात सगळ्यांना दाखवला आणि त्या मुलाची नक्कल करून हसवलं होतं.

आता माझ्या बहिणीचं सांगते. ती माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, बदलापूरच्या कॉलेजात शिकवते. मी लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला आले, ती आईजवळ गावात राहिली. बदलापूरच्या अलीकडचं गाव आमचं, आगऱ्यांचं. शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, त्यांच्या मध्ये आमची आळी उरली आहे. आई धवलारीण. म्हणजे आमच्यातल्या लग्नांत हळदीपासून धवल्यांची गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या मांडवांत आईचा गळा लागला की मग पुढचं काम. थोरली म्हणून ते मी शिकायचं होतं. आई मला पाठीशी बसवायची, मी उठून पळायचे. कारखान्यातल्या मैत्रिणींना कळलं तर हसतील असं वाटायचं. आईने दोन-तीनदा बसवलं, मग नाद सोडला.

आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काढावी लागेल, जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही. ऑपरेशनला दीड महिना होता. धाकटीचं लग्न ठरलेलं, पण ते पुढच्या वर्षीचं. त्या दिवशी आई दवाखान्यातून घरी आल्यावर धाकटीला म्हणाली, "तुझा तो डबा आन. माझा गला त्यान घालून ठेव."

धाकटीचा विश्वास बसेना. कित्येक वर्षं ती आईच्या मागे लागली होती, रेकॉर्ड करू दे म्हणून, आणि आईचं एकच उत्तर, "मांडवाच्या भाईर धवला गायाचा नाय." आता तीच बसायला तयार होती. फक्त अट घातली. "नेटवर टाकाचा नाय. कुनाला देवाचा नाय. तुझ्या लग्नान लावाचा आनि मंग ठेवून देवाचा. माझ्या पोरीच्या लग्नान परक्या बाईचा गला नको."

दीड महिना रोज आई गायली. धाकटीने कॉलेजातून चांगला माईक आणला होता. पहिले दिवस तिच्या जुन्या लॅपटॉपवर गेले, मग तो कुरकुरायला लागला म्हणून तिने नवा घेतला, त्याच कंपनीचा, त्यांच्या घरच्या चिपचा. कुठला घेऊ, हे तिने मलाच विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, घे, मशीन चांगलं आहे. जुना मी दुकानासाठी नेला. "यातलं सगळं नव्यावर घेतलंस ना? मग पुसते," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, एखादी कॉपी वेगळी ठेवायला हवी का गं? डिस्क आणू एखादी?"

"घरात मिस्त्री असताना डिस्क कशाला?" मी म्हटलं. "बोर्ड जळून कोळसा झाला तरी तुझ्या फाईली काढून देईन."

ती हसली आणि विषय संपला. जुना मी त्याच आठवड्यात पुसला. ताईने सांगितलं म्हणजे झालं, असं तिचं लहानपणापासूनचं.

ऑपरेशन झालं. आई वाचली. आवाज गेला. कुजबुज उरली, तीही दोन वाक्यांनंतर दमणारी. सुरुवातीला आम्ही तिघी रडलो आणि मग धाकटीने एक दिवस आईच्या कानाला हेडफोन लावले. आईने दोनच मिनिटं ऐकलं, हेडफोन काढले आणि बोटाने खूण केली, पुरे. पण तिचा चेहरा मी पाहिला. लग्नात आपण असणार, आवाजासकट, हे तिला पटलं होतं. त्यानंतर ती जेवायला लागली.

लग्नाला दोन महिने होते. धाकटी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून पेपर तपासत होती. आई गुळण्या करायला कोमट मिठाचं पाणी घेऊन आली. ऑपरेशननंतर तिचा डावा हात थोडा जड पडतो. पेला कलंडला. पडदा एकदा लखलखला आणि काळा झाला.

दुपारी तीनच्या सुमारास धाकटी दुकानात आली, लॅपटॉप ओढणीत गुंडाळलेला. तिने दारातूनच विचारलं, "ताई, काढशील ना?"

"बस. पापड खा," मी म्हटलं.

मी उघडला. मिठाचे पांढरे डाग जागोजाग दिसत होते. बॅटरी सोडवली, बोर्ड धुतला, वाळवला. चार्जर लावला तर मीटर पाच व्होल्टवर अडकलेला, विसावर जायला हवा तो जाईना. म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, कुठल्या तरी लाईनवर वीज गळतेय. इथे थांबून एकेक लाईन मोजायची होती. तासाचं काम, फार तर दोन. नकाशा नसला तरी ते जमलं असतं. मला ठाऊक होतं. तो मुलगा काय सांगतो तेही ठाऊक होतं, मी त्याची नक्कल केली होती ना.

पण समोर बहीण बसली होती, पापडाला हात न लावता, आणि माझे हात पंधरा वर्षांच्या सवयीने चालत होते. न्हाण झालं, आता शेक. मिठाचं पाणी आहे, चिपखाली गेलंच असेल, असं मी मनात म्हटलं सुद्धा. झोत लावला, तापमान नेहमीचं ठेवलं. किती वेळ धरायचा ते मी मनात मोजते, तसं मोजलं. मनात एकदा आलं की जरा कमी ठेवावं. ठेवलं नाही.

बोर्ड निवला. मीटर परत पाचावरच. मग मी जे आधी करायचं ते करायला बसले. शॉर्ट मोठ्या चिपजवळ नव्हताच. तो चार्जिंगच्या तोंडाशी होता, बोर्डाच्या अगदी काठाला, तिळाएवढा एक कपॅसिटर मिठाने खाल्लेला. चिमट्याने काढून टाकला आणि चार्जर लावला तर मीटर उडी मारून विसावर गेला. "झालं!" मी ओरडले. धाकटी उठून उभी राहिली. साईंनी गल्ल्यावरून हात वर केला.

मीटरवरचा करंटचा आकडा चढला, पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. चिप उठायचा प्रयत्न करत होती आणि उठत नव्हती. मी बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतला. मेमरीच्या कडेखालून कथलाचा एक बारीक मणी बाहेर आला होता, चकचकीत. आतलं कथील वितळून दाबाने बाहेर पडलं की असा मणी येतो. मिठाच्या पाण्याने तो येत नाही.

धाकटी म्हणाली, "काय दिसतंय? मला बघू दे."

मी चिमट्याने तो मणी काढला, मग तिला बघू दिलं.

आणि मग मी बोलायला लागले. इतकं सविस्तर मी आयुष्यात कधी बोलले नसेन. कंपनीने स्वतःची चिप कशी बनवली, मेमरी कशी तिच्याच अंगावर बसवली, किल्ली कशी तिच्या पोटात, चिप गेली की फाईली समोर असूनसुद्धा कशा उघडत नाहीत, आमच्यासारख्यांनी हातच लावू नये अशी सगळी व्यवस्था कशी केली आहे. यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त चिप कशाने गेली एवढं मी सांगितलं नाही. ती रडत रडत मान हलवत होती, मला मध्येच म्हणाली, "ताई, तू नको वाईट वाटून घेऊस."

ती गेल्यावर साईं माझ्या टेबलाशी आले. बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. झोताची नळी अजून टेबलावर बाहेरच होती, तिला बोट लावलं.

"शेक दिया था?"

"नाही," मी म्हटलं.

"ठीक है बेटा," ते म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. चाळीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात असलेला माणूस, त्याला काय कळायचं राहिलं होतं? दुसऱ्या आठवड्यात त्यांनी क्रेटमधले सगळे जुने बोर्ड भंगारवाल्याला दिले. मला विचारलं नाही.

धाकटीने कंपनीच्या सेंटरलाही दाखवलं. तिथे काउंटरवरच्या मुलाने गोड आवाजात सांगितलं की बोर्ड बदलून मिळेल, फाईली मिळणार नाहीत. म्हणजे माझ्या बोलण्यावर कंपनीचाच शिक्का बसला. तिने कंपनीला मोठं तक्रारपत्र लिहिलं आणि त्यातली तांत्रिक वाक्यं मी सांगितली. मी सांगत होते, ती टाईप करत होती. बिचारी, 'माझी बहीण स्वतः तज्ज्ञ आहे' असंही तिने त्यात घातलं. चार ओळींचं सभ्य उत्तर आलं. मी त्या कंपनीला मोजून शिव्या दिल्या. अजूनही देते, आणि त्या शिव्यांना ती लायकही आहे. माणसाने विकत घेतलेल्या वस्तूला घरच्या कारागिराचा हात लागू नये, असा विचार करून जो वस्तू बनवतो त्याला मी आणखी काय देणार? पण त्या दिवशी, त्या बोर्डाला, माझा हात पोचत होता. दोन तास सबुरी धरली असती तर पोचला असता.

कंपनीवर राग काढून धाकटी मोकळी झाली. मी आईचा विचारच केला नव्हता. कंपनी, चिप, किल्ली यातलं आईला काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की आपण पाणी सांडलं आणि आपला गळा गेला, ऑपरेशनच्या आधी साठवून ठेवलेला होता तोसुद्धा.  गुळण्यांचा पेला घेऊन ती परसात जायला लागली. घरात पाण्याचं भांडं कुणी तिच्या हातात दिलं तर दोन्ही हातांनी धरायची आणि दारापर्यंत भिंतीच्या कडेने चालायची. धाकटी म्हणायची, "आई, अगं तुझी काय चूक, कंपनीचीच चूक." आई मान हलवायची आणि पेला घेऊन परसात जायची. हे सगळं मी दर रविवारी बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. प्रत्येक रविवारी सांगता आलं असतं.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. पनवेलकडची एक धवलारीण बोलावली होती, तरुण, आवाज चांगला, पण तिचे धवले वेगळ्या वळणाचे. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या. आई मांडवात पुढे बसायला तयार होईना. धाकटीने हाताला धरून आणली तर बसली थोडा वेळ. ती बाई गायला लागली तसे आईचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ, आणि त्या बाईपेक्षा एक ओळ पुढे. ते मला बघवेना. मी स्वयंपाकाच्या मंडपामागे जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने आई तिथेच आली, भिंतीला हात लावत. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, काही हवं असेल तिला, खुर्ची आणायला मी वळले तर तिने मनगट धरलं. बोलायच्या आधी तिला श्वास गोळा करावा लागतो. मी कान जवळ नेला.

"तू लय केलंस गो," ती म्हणाली. थांबली, परत श्वास घेतला. "माझ्याच हातान सांडला. माझ्या पोरीचा लगीन मीच मुका केला. तू तरी मना माफ कर."

मांडवात टाळ्या झाल्या, कुणीतरी मला हाक मारली. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, वाट बघत होती. मी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाऊ दे आई," मी म्हटलं. "होते चूक माणसाच्या हातून."